समुद्र बघायला स्लॉट कशाला?

सकाळचे अकरा वाजून गेले होते. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कात कठड्याजवळच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या. चप्पल काढून त्यांनी तळवे फरशीवर टेकवले, पिशवीतून स्टीलचा डबा काढला, चपातीचा तुकडा मोडला आणि समोर बघत सावकाश खायला लागल्या. समोर म्हणजे खाली गिरगाव चौपाटीची वाळू, तिथून वळत गेलेली मरीन ड्राइव्हची कमान आणि पार टोकाला नरिमन पॉइंटच्या इमारती. शेजारीच बसलो होतो म्हणून बोलणं निघालं. टेकडीवरच्या दोन घरांची कामं उरकली होती, तिसरीकडे बाराला जायचं होतं.

“रोज येता का ताई इथे?”

“रोज कुठलं? लवकर आटपलं तर येते.”

ज्या घरांत काम करता तिथल्या खिडक्यांतूनही समुद्र दिसत असेल की, असं मी म्हणालो.

“दिसतो ना. काचा मीच पुसते. पण दुसऱ्याच्या घरात उभं राहून बघत बसायचं कसं?”

डबा संपल्यावरही त्या दहा-पंधरा मिनिटं तशाच बसल्या होत्या. कुणी त्यांना उठवलं नाही, तिकीट विचारलं नाही, की तुमची वेळ संपली म्हणून सांगितलं नाही. सार्वजनिक बाग कशासाठी असते याचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या विकास आराखड्यात वाचल्याचं आठवत नाही.

याच बागेच्या मागच्या उतारावर, सिरी रोडच्या बाजूला, मुंबई महापालिकेने निसर्ग उन्नत मार्ग बांधला आहे. २०२५च्या गुढीपाडव्याला तो लोकांसाठी खुला झाला. लांबी ४८५ मीटर, रुंदी २.४ मीटर. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी लाकडी वाट, मध्येच काचेचा तळ असलेला सज्जा, आणि फांद्यांच्या फटीतून चौपाटीचं दर्शन. मी दोनदा जाऊन आलो. वाट सुंदर आहे, मनापासून सांगतो. मुंबईच्या मधोमध इतकी दाट झाडी डोळ्यांच्या पातळीवर बघायला मिळते, मुलं हरखून जातात, आणि खाली एकही झाड न तुडवता माणूस जंगलातून चालतो. ज्यांनी हे आखलं आणि बांधलं त्यांचं कौतुकच करायला हवं.

आत जायला भारतीयांना पंचवीस रुपये आणि परदेशी पाहुण्यांना शंभर. तिकीट ऑनलाइन काढायचं, तासाचा स्लॉट निवडायचा, मोबाइलवर आलेला क्यूआर कोड दारावर दाखवायचा. एका वेळी दोनशेच माणसं. माझा आक्षेप आहे तो या दारावरच्या व्यवस्थेला. पंचवीस रुपयांत हल्ली काय येतं, असं म्हणून तो झटकून टाकू नये, कारण पंचवीस रुपये हा त्यातला सगळ्यात लहान भाग आहे.

त्या डबेवाल्या ताईंचंच बघा. काम लवकर आटपेल की नाही हे त्यांना आदल्या दिवशी ठाऊक नसतं. स्लॉट त्यांनी काढायचा कधी? सुटीच्या दिवसाचे स्लॉट झरझर भरतात; ज्यांना आठवडाभर आधी रविवार आखता येतो त्यांच्या हातात ते पडतात. फोनमध्ये रिचार्ज असायला हवा, ऑनलाइन पैसे भरता यायला हवेत, आणि आपल्या मोकळ्या वेळेवर आपला ताबा असायला हवा. घरकाम करणारी बाई, वॉचमन, डिलिव्हरी करणारा पोरगा, आजाऱ्याला इस्पितळात ठेवून दोन तास बाहेर पडलेला गावाकडचा माणूस, यांच्या वाट्याला मोकळा वेळ येतो तो असाच अवचित, तुकड्यातुकड्यांनी. बाग त्या तुकड्यांसाठी असते. ‘आधी नोंदणी’ ही अट घातली की पैशाने न अडणारी माणसंही वेळेने अडतात.

आमच्या गिरगावातल्या खोलीबद्दल थोडं सांगतो. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. खिडकीतून समोरच्या चाळीचे कठडे आणि वाळत घातलेले कपडे दिसायचे. समुद्र पंधरा मिनिटांच्या वाटेवर, पण घरातून त्याचा थेंबही दिसत नसे. आजोबा छापखान्यात होते. रविवारी संध्याकाळी आम्हा नातवंडांना घेऊन ते चौपाटीवरून सिरी रोडने चढून वर जायचे. सिरी म्हणजे शिडी. वाळकेश्वराच्या दर्शनाला जाणारे भाविक पूर्वी याच चढणीने जात, असं जुन्या मुंबईविषयी लिहिणारे सांगतात. वर पोचलं की आम्ही म्हातारीच्या बुटात, म्हणजे बागेतल्या बुटाच्या आकाराच्या घरात, शिरायचो. एका पोराने वरच्या खिडकीतून डोकं काढायचं, दुसऱ्याने खालून हाका मारायच्या, आणि मग जिन्यावर ढकलाढकली. आजोबा मात्र कठड्याशी जाऊन बसायचे. दिवे लागेपर्यंत हलायचे नाहीत. मरीन ड्राइव्हचे दिवे एका टोकाकडून पेटत येताना बघणं हा त्यांचा आठवड्याचा सोहळा होता. एकदा मी कंटाळून विचारलं, अजून किती वेळ? ते म्हणाले, “बस रे. घरी तरी काय आहे?”

सात माणसांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचं ते वाक्य मला कळायला फार वर्षं गेली. त्यांना नुसता समुद्र बघायचा नव्हता. त्यांना लांबवर नजर टाकायची होती, कुणी मध्ये न येता, जितका वेळ मन भरत नाही तितका वेळ. घरात नसलेली गॅलरी त्यांना पालिकेने बांधून दिली होती, १९५२ साली, आणि तिचं भाडं नव्हतं. तासाचा स्लॉट असता तर त्यांना दिवे लागायच्या आधी तरी उठावं लागलं असतं, किंवा दिवे लागल्यावर तरी यावं लागलं असतं. उजेड जाऊन दिवे येण्याची ती मधली वेळ हातची गेली असती.

या दृश्यावर मुंबईकर किती हक्काने प्रेम करतात ते २०१५ साली दिसलं होतं. मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले तेव्हा शहरभर ओरड झाली. दिव्यांच्या या कमानीला ‘राणीचा हार’ म्हणतात; त्या हाराचं सोनं गेलं, असं लोक म्हणायला लागले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी पिवळसर दिवे परत आले. त्यावर बोलणाऱ्यांत समुद्रासमोर फ्लॅट असलेले किती असणार? बहुतेकांनी तो हार टेकडीवरून, चौपाटीवरून, नाहीतर बसच्या खिडकीतून पाहिला होता. फुकट पाहिला होता, पुन्हा पुन्हा पाहिला होता, म्हणून तो त्यांचा झाला होता. विकास नियमावलीतही टेकडीवरच्या बागांमधून दिसणारं बॅक बे आणि चौपाटीचं दृश्य अडू नये म्हणून खालच्या इमारतींच्या उंचीवर बंधन घातलं गेलं. म्हणजे टेकडीवरून दिसणारा देखावा ही जपण्यासारखी सार्वजनिक वस्तू आहे हे या शहराने कागदावरही मानलेलं आहे. सार्वजनिक वस्तूच्या दारावर क्यूआर कोड लावायचा असेल तर त्याला भक्कम कारण हवं.

कारणं दिली जातात ती तीन. ती टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही.

पहिलं कारण देखभालीच्या खर्चाचं. इथे थोडा हिशेब करू. पहाटे पाच ते रात्री नऊ, म्हणजे सोळा तास. प्रत्येक तासाला दोनशे माणसं, सगळे स्लॉट वर्षभर तुडुंब भरलेले आणि सगळे भारतीय, असं धरलं तरी दिवसाला ऐंशी हजार आणि वर्षाला तीन कोटींच्या आत रक्कम जाते. प्रत्यक्षात पावसाळ्यातल्या मंगळवारी दुपारी कोण दोनशे माणसं येणार आहेत? महापालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचं आहे. त्यातल्या शंभर रुपयांमागे या तिकिटातून जास्तीत जास्त अर्धा पैसाही येत नाही. एवढ्यासाठी दारावर माणूस, स्कॅनर आणि बुकिंगची यंत्रणा ठेवायची, आणि ज्याला ती जमत नाही त्याला परत पाठवायचं?

शिवाय शुल्क एकदा लागलं की ते वरच जातं. राणीच्या बागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात, मोठ्या माणसाला पाच रुपये लागायचे. पेंग्विन आले आणि २०१७मध्ये तेच तिकीट पन्नास झालं. चौघांच्या कुटुंबाला शंभराची सवलत ठेवली हे खरं, पण आजी आणि आत्या बरोबर आल्या की कुटुंब चौघांचं राहत नाही, आणि आपल्याकडे त्या बरोबर येतातच. त्यात बसभाडं धरा. २०२५च्या मे महिन्यात बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं पाचावरून दहावर गेलं. सहा माणसांनी जाऊन-येऊन, तिकिटं काढून, वर पोरांना एकेक भेळ घेतली तर किती झाले ते घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

दुसरं कारण घाणीचं. फुकट ठेवलं की लोक घाण करतात, असं आपल्यातलेच पुष्कळ जण म्हणतात, आणि ते ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. मरीन ड्राइव्हचा कट्टा रात्रंदिवस फुकट आहे. ४ जुलै २०२४ला टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकून आलेल्या संघाच्या मिरवणुकीला तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती. गर्दी ओसरली तेव्हा रस्ताभर चपला, बाटल्या, पिशव्या पडलेल्या. पहाटेपर्यंत सफाई कामगारांनी सगळं उचललं आणि सकाळी फिरायला येणारे नेहमीसारखे चालत होते. जागा स्वच्छ राहते ती झाडू मारणाऱ्या हातांमुळे, वेळेवर रिकाम्या होणाऱ्या कचराकुंड्यांमुळे आणि वापरता येण्याजोग्या स्वच्छतागृहामुळे. तिकीट काढून थिएटरात आलेली माणसंही पॉपकॉर्न सांडून जातातच.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट असते, ती जोरात बोलली जात नाही: जोडपी येऊन बसतात. बसू द्यावं. ज्या शहरात नव्याने लग्न झालेल्यांनाही घरात दोन शब्द बोलायला आडोसा नसतो, तिथे समुद्राकडे तोंड करून शेजारी शेजारी बसलेल्या दोघांचा कुणाला काय त्रास होतो? माझ्या आईवडिलांच्या आयुष्यातले कितीतरी निर्णय अशाच एका कठड्यावर बसून झाले होते, हे आईने मला खूप उशिरा सांगितलं.

तिसरं कारण गर्दीचं, आणि ते मला मान्य आहे. अडीच मीटरही रुंद नसलेल्या उन्नत वाटेवर हजार माणसं सोडता येणार नाहीत. झाडांना, पाखरांनाही उसंत हवी. तेव्हा दोनशेची मर्यादा राहू दे. पण मर्यादा पाळायला तिकीट कशाला लागतं? देवळात, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात आपण टोकन घेऊन थांबतो. दारावर एक माणूस आणि मोजून दोनशे बिल्ले एवढ्याने काम होतं. आतला बाहेर आला, बिल्ला परत केला, पुढचा आत गेला. ऑनलाइन नोंदणी ज्यांना सोयीची वाटते त्यांच्यासाठी काही जागा ठेवाव्यात, बाकीच्या जो दारात येईल त्याच्या. वेळेची मर्यादाही गर्दी असेल तेव्हाच हवी. मंगळवारी दुपारी सज्ज्यात चारच माणसं असताना तास भरला म्हणून कुणाला उठवण्यात काय हशील?

हे जमत नाही असंही नाही, कारण याच महापालिकेने ते केलेलं आहे. दादरला चैत्यभूमीजवळ पर्जन्यजल वाहिनीच्या मुखावर माता रमाबाई आंबेडकर यांच्या स्मृत्यर्थ सज्जा बांधला. गिरगाव चौपाटीच्या टोकालाही असाच सज्जा आहे. जिथून सांडपाण्याचा वास यायचा, लोक नाक धरून जायचे, त्या जागी आज माणसं बसून सूर्यास्त बघतात. दोन्हीकडे जायला पैसे पडत नाहीत. दादरच्या सज्ज्यावर मी अभ्यासाची पुस्तकं घेऊन बसलेली मुलं पाहिली आहेत, बाहेरगावाहून चैत्यभूमीला आलेली आणि समुद्र पहिल्यांदाच बघणारी कुटुंबं पाहिली आहेत. एक आजोबा कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि सून त्यांना सांगत होती, “बाबा, हे पाणी संपतच नाही बघा.” त्या कुटुंबाला कुणी आधी स्लॉट काढून या म्हणालं असतं तर?

ज्यांना समुद्र घरातून दिसतो त्यांच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण तुलना करायलाच हवी. कोस्टल रोडवर चौदा हजार कोटींच्या घरात खर्च झाला. त्यावरून मोटारीने जाताना डाव्या-उजव्या हाताला समुद्र दिसतो, आणि त्या रस्त्याला टोल नाही. दुचाकी आणि रिक्षाला तिथे बंदी आहे. म्हणजे मोटारवाल्याला सार्वजनिक पैशातून समुद्राचं दर्शन विनाशुल्क, विनानोंदणी, हवं तितक्या वेळा. आणि पायी टेकडी चढून आलेल्याला मात्र झाडांतून तोच समुद्र बघायला पंचवीस रुपये आणि तासाचं बंधन. हे कुणी मुद्दाम ठरवून केलं असेल असं नाही. पण वेगवेगळ्या टेबलांवरचे निर्णय एकत्र मांडले की चित्र असं दिसतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ खटल्यात एक तत्त्व आपल्या कायद्यात पक्कं केलं. वाद होता बियास नदीकाठच्या एका मोटेलचा. न्यायालय म्हणालं, समुद्रकिनारे, वाहतं पाणी, हवा, जंगलं ही लोकांची आहेत. सरकार त्यांचं मालक नाही, विश्वस्त आहे. आपल्याकडच्या देवस्थानांमुळे विश्वस्त हा शब्द मराठी माणसाला नीट कळतो. विश्वस्ताने देऊळ झाडून-पुसून ठेवावं, रांग लावावी, रात्री दार लावावं. दर्शनाचे पैसे घ्यायला लागला की गावात कुरबुर सुरू होते.

आणि फुकट येणारी माणसं बागेला काय देतात, तेही याच टेकडीवर दिसलं आहे. कमला नेहरू पार्कासमोरची फिरोजशहा मेहता बाग, आपण जिला हँगिंग गार्डन म्हणतो, ती पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर आहे. दक्षिण मुंबईला पाणी देणारा तो जलाशय ब्रिटिश काळातला. तो पाडून नवा बांधायचा बेत पालिकेने केला, त्यात ३८९ झाडं तोडावी किंवा हलवावी लागणार होती आणि बाग वर्षानुवर्षं बंद राहणार होती. २०२३मध्ये रोज सकाळी तिथे चालणारी माणसं उभी राहिली. सह्या, सभा, पत्रं. तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आयआयटीच्या प्राध्यापकांनी टाकी तपासली, आणि पाडण्याऐवजी दुरुस्ती पुरेल, इथपर्यंत गोष्ट आली. ती माणसं का उभी राहिली? रोजच्या येण्याजाण्याने त्या बागेतलं झाड न् झाड त्यांच्या ओळखीचं झालं होतं. तासाचा स्लॉट काढून वर्षातून एकदा येणारा पर्यटक फोटो काढून निघून जातो. त्याच्याकडून ही अपेक्षा कशी करायची?

कळकळीने लिहितोय त्याला आणखी एक निमित्त झालं. मागच्या वर्षी उपनगरातल्या समुद्रकाठच्या एका बागेत आईला घेऊन गेलो होतो. गुडघे दुखतात म्हणून ती कठड्यालगतच्या दगडी ओट्यावर टेकली. पाच मिनिटांत शिट्टी वाजली. इथे बसायचं नाही, चालत राहा. बाक कुठे आहेत विचारलं तर होते, पण सगळे वाटेकडे तोंड करून, समुद्राला पाठ लावून. आई उठली, म्हणाली, “चल, बघून झालं.” झालं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आता कोस्टल रोडलगत भराव टाकून मिळालेल्या जमिनीवर सुमारे सत्तर हेक्टर मोकळी, हिरवी जागा तयार व्हायची आहे. प्रियदर्शिनी पार्कापासून वरळीपर्यंतच्या साडेसात किलोमीटरच्या पायरस्त्याचा बराचसा भाग २०२५च्या स्वातंत्र्यदिनी खुला झाला, तो चोवीस तास आणि विनाशुल्क आहे, ही फार चांगली सुरुवात आहे. बागा मात्र अजून आखल्या जायच्या आहेत. देखभाल कुणीही करो, दाराची किल्ली महापालिकेकडे राहावी आणि दारावर शुल्काची खिडकी नसावी. बाक समुद्राकडे तोंड करून बसवावेत, पाठ टेकता येईल असे. सावली हवी, पिण्याचं पाणी हवं, बायकांसाठी स्वच्छ शौचालय हवं, व्हीलचेअर कठड्यापर्यंत जायला हवी, आणि कठडा इतका उंच नसावा की खुर्चीत बसलेल्याला नुसती भिंत दिसेल. बस थेट दारापर्यंत यावी. ज्या माणसांच्या मुंबईत माणशी दोन चौरस मीटरही मोकळी जागा नाही, त्यांनी एवढं मागणं जास्त नाही. आराखडे हरकती-सूचनांसाठी आले की दोन ओळी का होईना, लिहून पाठवा. मी पाठवणार आहे.

मलबार हिलच्या उन्नत मार्गाचं दार मात्र आजच बदलता येईल. त्याला ना निविदा लागते ना समिती. शुल्क काढायचं, बिल्ले छापायचे, दारावरच्या माणसाला सांगायचं की मोजत जा. त्या काचेच्या तळावर उभं राहून खालची झाडं बघायला त्या ताईंना, अकरा ते बाराच्या मधल्या त्यांच्या अर्ध्या तासात, डबा पिशवीत टाकून सरळ आत जाता यावं.